मदत हवी आहे : सीमेपलीकडच्या लष्करी कारवाईबाबतचा दुटप्पीपणा ओळखायचा कसा?

शोधयात्री
नमस्कार. उद्या दुपारपर्यंत उत्तर हवे आहे, म्हणून थेट विचारते. आपल्या परराष्ट्र मंत्रालयाची तीन निवेदने दोन दिवसांपासून माझ्यासमोर आहेत. एका कारवाईबद्दल आपण समजूतदारपणा दाखवला, दुसरीचा निषेध केला आणि तिसरीबद्दल तीव्र चिंता व्यक्त केली. तिन्ही कारवाया शेजारच्या देशाच्या हद्दीत शिरून झाल्या आणि तिन्ही वेळा कारण दहशतवादाचेच दिले गेले. मग आपली भूमिका कशामुळे बदलली, हे सांगणारा एक निकष मला हवा आहे. 'राष्ट्रहित' हे उत्तर मला माहीत आहे, कृपया तेवढेच देऊन थांबू नका.

सह्यकडा
'आपले' म्हणजे भारताचे, एवढे समजले. पण निवेदने कोणत्या वर्षांची आणि कोणत्या कारवायांची, हे तुम्ही लिहिलेलेच नाही. शिवाय हा निकष लेखासाठी हवा आहे, अभ्यासासाठी की आणखी कशासाठी, हेही कळायला हवे, कारण त्यावर उत्तर अवलंबून राहील.

मृदगंध
स्पर्धा परीक्षेच्या उत्तरासाठी हवे असेल तर सुरुवात १९५४ च्या पंचशील करारापासून करावी, मग अलिप्ततावाद आणि शेवटी सामरिक स्वायत्तता, असा क्रम ठेवावा. नकाशा काढल्यास परीक्षकावर चांगला परिणाम होतो, असा माझा अनुभव आहे.

शोधयात्री
मृदगंध, मी परीक्षेला बसलेली नाही. सह्यकडा, तपशील राहून गेला, क्षमस्व.

पहिले निवेदन जानेवारी २०२४ चे आहे. इराणने पाकिस्तानच्या बलुचिस्तानात जैश अल-अदल या इराणविरोधी सशस्त्र संघटनेच्या ठिकाणांवर हल्ला केला. हा त्या दोन देशांमधला प्रश्न आहे आणि स्वसंरक्षणासाठी देश ज्या कारवाया करतात त्या आम्ही समजू शकतो, अशा आशयाची प्रतिक्रिया आपण दिली. दुसरे जानेवारी २०२५ चे. डिसेंबरअखेर पाकिस्तानने अफगाणिस्तानच्या पक्तिका प्रांतात हवाई हल्ले केले, त्यांचा आपण निःसंदिग्ध निषेध केला. तिसरे ऑक्टोबर २०१९ चे. तुर्कस्तानने ईशान्य सीरियात सैन्य घुसवले, तेव्हा आपण तीव्र चिंता व्यक्त करून सीरियाच्या सार्वभौमत्वाचा आदर करा असे सांगितले. त्याच वर्षी फेब्रुवारीत बालाकोटची कारवाई आपण स्वतः केली होती, हे वेगळे सांगायला नको.

पूर्णविराम
निकष आधीच लिहून ठेवलेला आहे. संयुक्त राष्ट्रांच्या सनदेचे कलम २(४) बळाच्या वापराला मनाई करते आणि कलम ५१ सशस्त्र हल्ला झाल्यास स्वसंरक्षणाचा अधिकार देते. मात्र केलेल्या उपायांची माहिती सुरक्षा परिषदेला तात्काळ कळवणे बंधनकारक आहे. निकाराग्वाने अमेरिकेविरुद्ध लढवलेल्या खटल्यात आंतरराष्ट्रीय न्यायालयाने १९८६ मध्ये असेही म्हटले की बंडखोरांना नुसती शस्त्रे किंवा रसद पुरवणे हा सशस्त्र हल्ला ठरत नाही. प्रत्येक कारवाई या चौकटीत तपासा. जी बसते तिला पाठिंबा आणि जी बसत नाही तिचा निषेध, एवढे सोपे आहे.

निर्भीड
पूर्णविराम, हे सोपे मुळीच नाही. २०१९ मध्ये तुर्कस्ताननेही कलम ५१ चाच आधार घेतला होता. ज्या देशाच्या भूमीवरून हल्ले होतात तो देश ते रोखण्यास अनिच्छुक किंवा असमर्थ असेल तर त्याच्या हद्दीत कारवाई करता येते, हा युक्तिवाद कितीतरी देश करतात आणि तितकेच देश तो नाकारतात. कायदा सर्वांनी सारखा वाचला असता तर हा धागाच निघाला नसता. शोधयात्रींना नको असले तरी उत्तर राष्ट्रहित हेच आहे, आणि त्यात लाज वाटण्यासारखे काही नाही.

उत्तररंग
अलीकडची उदाहरणे सोडा आणि १९५६ कडे या. मी अनेक वर्षे हाच विषय वाचतो आहे आणि याहून चांगले उदाहरण मला सापडलेले नाही. सुएझ कालव्यासाठी इजिप्तवर ब्रिटन, फ्रान्स आणि इस्रायल चालून गेले तेव्हा नेहरूंच्या सरकारने ते आक्रमण आहे असे ठणकावून सांगितले आणि संयुक्त राष्ट्रांच्या महासभेत त्याविरुद्ध मत दिले. ४ नोव्हेंबरला हंगेरीतला उठाव मोडण्यासाठी सोव्हिएत रणगाडे पुन्हा राजधानी बुडापेस्टमध्ये शिरले, तेव्हा त्याच महासभेत आपण तटस्थ राहिलो. ९ नोव्हेंबरच्या ठरावाला तर आपण विरोध केला. त्या ठरावात हंगेरीत संयुक्त राष्ट्रांच्या देखरेखीखाली निवडणुका घ्याव्यात असे कलम होते आणि आपला मुख्य आक्षेप त्यावर होता. परक्या देखरेखीखालच्या निवडणुकांचा पायंडा उद्या काश्मीरच्या दारात येऊन उभा राहील ही धास्ती त्यामागे होती, असे अनेक अभ्यासकांनी लिहिले आहे. पुढे नेहरूंची भाषा कडक झाली, पण मत देऊन झाले होते.

निर्भीड
म्हणजे तुम्हीही राष्ट्रहितच सांगत आहात.

उत्तररंग
नाही. मी एवढेच म्हणतो की कारण राष्ट्रहिताचे होते आणि भाषा तत्त्वाची वापरली गेली. दुटप्पीपणा त्या दोहोंमधल्या फटीत असतो. 'हे कलम आमच्या अडचणीचे आहे' असे उघड म्हटले असते, तर निर्णय कदाचित चुकीचा ठरला असता, पण त्याला दुटप्पी म्हणता आले नसते.

दीपस्तंभ
सगळा दोष भारताच्या माथी मारणे मला पटत नाही. २५ डिसेंबर १९७८ रोजी व्हिएतनामचे सैन्य कंबोडियात शिरले आणि दोन आठवड्यांत तिथली पोल पॉटची ख्मेर रूज राजवट कोसळली. त्याच सुमारास टांझानियाचे सैन्य युगांडात लढत होते आणि एप्रिल १९७९ मध्ये तिथला हुकूमशहा इदी अमीन याला पळून जावे लागले. दोन्हीकडे सीमेवरच्या हल्ल्यांची सुरुवात आधी कंबोडिया आणि युगांडा यांच्याकडूनच झाली होती आणि दोन्हीकडे पडलेली राजवट स्वतःच्याच लोकांना मारणारी होती. युगांडाच्या नव्या सरकारला जगाने सहज स्वीकारले. कंबोडियाची संयुक्त राष्ट्रांमधली जागा मात्र ख्मेर रूजच्या पडलेल्या राजवटीकडेच राहिली, आणि अमेरिका, चीन व आसियान या आग्नेय आशियाई गटाचे देश त्याच बाजूने उभे होते. व्हिएतनामच्या पाठीशी सोव्हिएत संघ होता, हे त्याचे खरे कारण. कंबोडियाच्या राजधानीतल्या, नोम पेन्हमधल्या, नव्या सरकारला १९८० मध्ये मान्यता देणाऱ्यांत भारत होता, हेही नोंदवावे.

मृदगंध
या सगळ्याचे मूळ नकाराधिकारात आहे. सुरक्षा परिषदेत भारताला कायमची जागा मिळाली की अशा तुलना कराव्याच लागणार नाहीत. त्या सुधारणांवर एक स्वतंत्र धागा काढावा असे वाटते.

सह्यकडा
जरूर काढा, पण इथे नको. शोधयात्री, हे कशासाठी हवे आहे ते तुम्ही अजूनही सांगितलेले नाही.

शोधयात्री
सांगते. मी अकरावी-बारावीला राज्यशास्त्र शिकवते. गेल्या आठवड्यात वर्गात मी तुर्कस्तानच्या कारवाईवर टीका केली, तेव्हा एका विद्यार्थिनीने उभी राहून विचारले की बालाकोट बरोबर असेल तर तुर्कस्तान चूक कसा. मी 'ते वेगळे आहे' असे म्हणून विषय पुढे नेला. काय वेगळे आहे, हे मला सांगता आले नाही, आणि तिला ते कळले हे मला तिच्या चेहऱ्यावर दिसले. उद्या त्याच विषयावर वर्गात वादविवाद ठेवला आहे. तिने मांडलेला प्रश्न खरा होता आणि या वेळी मला तो टाळायचा नाही.

सह्यकडा
हे आधी सांगितले असते तर इतका वेळ गेला नसता. तिच्या प्रश्नाला उत्तर आहे. बालाकोट ही एका रात्रीतली हवाई कारवाई होती. आपल्या परराष्ट्र सचिवांनी तिला बिगरलष्करी प्रतिबंधात्मक कारवाई म्हटले, म्हणजे लक्ष्य पाकिस्तानचे सैन्य नाही हे सांगण्याची खबरदारी घेतली. तुर्कस्तानला सीमेलगत सुमारे ३० किलोमीटर खोल पट्टा ताब्यात घेऊन तिथे राहायचे होते. जाऊन परत येणे आणि जाऊन ठाण मांडणे यांत फरक करता येतो, आणि हा फरक शत्रू-मित्र न पाहता लावता येतो.

पण मग तोच निकष पहिल्या दोन निवेदनांना लावून पाहा. इराण बलुचिस्तानात थांबला नाही आणि पाकिस्तानही पक्तिकात थांबला नाही. त्यामुळे या जोडीचा उलगडा त्याने होत नाही.

पूर्णविराम
तिथे फरक नागरिकांच्या मृत्यूंचा आहे. २०२५ च्या निवेदनात आपण निरपराध नागरिकांवरील हल्ल्याचा निषेध केला होता, स्वसंरक्षणाच्या अधिकाराचा नव्हे.

शोधयात्री
मीही आधी तेच धरून चालले होते. पण इराणच्या हल्ल्यात दोन मुले मारली गेली, असे पाकिस्तानने तेव्हाच सांगितले होते आणि आपल्या निवेदनात त्या मुलांचा उल्लेख नाही. पक्तिकात ४६ जण मारले गेले असे तालिबानने सांगितले. आकड्यांत फार मोठा फरक आहे हे मान्य आहे. पण नागरिक हाच निकष असेल तर दोन मुलांसाठी किमान एक वाक्य तरी हवे होते.

निर्भीड
दोन मुलांचा दावा पाकिस्तानचा होता. त्यावर आपल्या मंत्रालयाने विसंबून का राहावे?

उत्तररंग
मग ४६ चा दावा तालिबानचा होता, आणि त्यांच्या सरकारला तेव्हा आपण औपचारिक मान्यताही दिलेली नव्हती. एकाचा शब्द धरायचा आणि दुसऱ्याचा सोडायचा, हे कशाच्या आधारावर?

निर्भीड
हा मुद्दा मला मान्य करावा लागेल. तरीही मंत्रालयाचे काम न्यायनिवाडा करण्याचे नाही, असे मी म्हणेन.

सह्यकडा
आणखी एक बारकावा पाहा. आपली २०२४ ची प्रतिक्रिया १७ जानेवारीची आहे आणि पाकिस्तानने इराणच्या सिस्तान-बलुचेस्तानात प्रतिहल्ला केला तो १८ ला. म्हणजे 'समजू शकतो' हे शब्द लिहिले गेले तेव्हा कारवाई फक्त इराणची होती. विद्यार्थ्यांना निवेदने तारखांसह द्या, नाहीतर ते शब्द दोघांनाही उद्देशून होते, असा बचाव कोणीतरी करील.

शोधयात्री
ही तारीख माझ्या नजरेतून सुटली होती, मनापासून आभार. उद्या मी देशांची नावे झाकून तिन्ही कारवायांचे वर्णन आधी वाचायला देईन, मुलांची मते लिहून घेईन आणि मगच नावे व आपली निवेदने उघड करीन. त्या विद्यार्थिनीला तुर्कस्तानबद्दलचे उत्तर वर्गासमोरच देईन, आणि उरलेल्या दोन निवेदनांचा मेळ मला अजून घालता आलेला नाही, हेही सांगेन.

दीपस्तंभ
वर्णनात दोन मुले आणि ४६ जण हे आकडे येणार असतील, तर ते एका पक्षाचे दावे आहेत असे तिथेच लिहा.

शोधयात्री
होय. नावे झाकलेली असताना 'हल्ला झालेल्या बाजूने सांगितलेला आकडा' असे लिहीन आणि नावे उघड झाली की त्यापुढे सांगणाऱ्याचे नाव घालीन.