नागीण होऊन गेली तरी लस?
कुणीतरी विचारलंय की आईला नागीण होऊन गेलीय मग आता लस कशाला, तर घ्यावी, कारण नागीण ज्याच्यामुळे होते तो कांजिण्यांचा व्हायरस मज्जातंतूंच्या मुळाशी आयुष्यभर पडून असतो आणि प्रतिकारशक्ती घटली की परत उठू शकतो. फक्त पुरळ पूर्ण जाऊ दे, मग डॉक्टरांना विचारा. शिंग्रिक्स ही नागिणीची लस भारतात २०२३ पासून मिळते, पन्नाशीनंतर दोन डोस, मध्ये २ ते ६ महिने, जिवंत व्हायरस नसतो त्यात. महाग आहे खरं, पण पुरळ गेल्यावरही महिनोन्महिने राहणारी ती आग बघवत नाही हो, साधा कपडा लागला तरी कळ. एकदोन दिवस हात दुखेल, कणकण येईल, पण दुसरा डोस चुकवू नका प्लीज.