मदत हवी आहे: ग्राउंडहॉगच्या सावलीचे कोडे लहान मुलांना मराठीत कसे समजवावे?

नमस्कार. मी पेनसिल्व्हेनियात राहते आणि रविवारच्या मराठी शाळेत पाच-सहा वर्षांच्या मुलांना शिकवते. याच राज्यातल्या पंक्सटॉनी गावी २ फेब्रुवारीला पहाटे ‘फिल’ नावाच्या ग्राउंडहॉगला (खारीच्या कुळातला, बिळात राहणारा गुबगुबीत प्राणी) उंच टोप घातलेली मंडळी बाहेर काढतात. त्याला स्वतःची सावली दिसली तर हिवाळा आणखी सहा आठवडे राहणार, न दिसली तर वसंत लवकर येणार, असा संकेत आहे. तिथला पहिला सोहळा १८८७ साली झाला. मूळ समजूत जर्मन वसाहतकऱ्यांनी आणलेली. तिकडे हा मान बॅजर या बिळात राहणाऱ्या दुसऱ्या प्राण्याकडे असे.

अडचण अशी की, ऊन पडले तर थंडी वाढते हे मुलांना पटत नाही. निरभ्र रात्री जमिनीची ऊब निसटून जाते आणि ढग गोधडीसारखे ती धरून ठेवतात, असे मी सांगून पाहिले. मग मोज्याचा ग्राउंडहॉग करून अंधारात बॅटरी दिली, तर एका मुलीने ती बरोबर त्याच्या डोक्यावर धरली, सावली पोटाखाली गडप केली आणि “आला वसंत!” असे जाहीर करून टाकले. तेव्हापासून बॅटरी ज्याच्या हातात, ऋतू त्याचा, असा वर्गात समज आहे.

झोपेचा भाग मात्र छान जमला. हिवाळ्यात या प्राण्याचे हृदय मिनिटाला सुमारे ८० ठोक्यांवरून ५ पर्यंत उतरते, म्हणून आम्ही दर बारा सेकंदांनी बाकावर एकच टिचकी मारली; दोन टिचक्यांमध्ये वर्ग इतका शांत मी कधी पाहिला नव्हता. फेब्रुवारीत नर खरोखरच बिळाबाहेर येऊन माद्यांची बिळे धुंडाळतात आणि पुन्हा झोपतात, हेही मुलांना आवडले.

आता जाणकारांना विचारायचे आहे ते असे. ‘शीतनिद्रा’ हा शब्द मला या वयासाठी जड वाटतो. आपण घरी काय म्हणता? फिलचे भाकीत निम्म्याहून अधिक वेळा चुकते, हे गंमत न घालवता कसे सांगावे? शिवाय एका आजीने व्हिडिओ कॉलवर, पावसाच्या तोंडावर “पेरते व्हा” म्हणणाऱ्या पावशाची गोष्ट सांगितली. पावशा विणीच्या हंगामामुळे ओरडतो, फिलला मात्र माणसे उठवतात; तरी दोघांना एकाच पाठात घ्यावे का? “पावशाकडे पण टोपीवाले काका असतात का?” असे एकाने विचारले आहे आणि येत्या रविवारी मला त्याला उत्तर द्यायचे आहे.