शब्द हवा आहे : ‘डार्क रोस्ट’ आणि ‘ब्रू’ला मराठीत काय म्हणाल?

मुग्धा_अनु : माझ्या मावसबहिणीनं नाशकात कॉफीचे दाणे भाजून विकायला सुरुवात केली आहे. घरी कॉफी कशी करायची ते पाकिटामागे मराठीत छापायचंय आणि ते लिहायचं काम माझ्याकडे आलंय. ‘डार्क रोस्ट’ला मी ‘काळी भाजलेली’ लिहिलं. मावशीनं वाचलं आणि म्हणाली, “करपलेली आहे असं आपणच सांगितल्यावर घेईल कोण?” दुसरी अडचण ‘ब्रू’ची, म्हणजे पुडीचा अर्क पाण्यात आणण्याच्या क्रियेची. पाकिटावर तीन पद्धती आहेत : पितळी फिल्टर, फ्रेंच प्रेस (दांड्यानं जाळी खाली दाबायचं भांडं) आणि कागदाची गाळणी. ‘उकळा’ लिहिलं तर तिन्हींत चूक, नुसतं ‘करा’ लिहिलं तर नेमकं काय करायचं ते कळत नाही. तुमच्या घरी काय म्हणतात?

खापरी : खरपूस! शब्द तयार आहे, शोधायचा कशाला? ‘खरपूस भाजलेली कॉफी’. वाचतानाच वास येतो.

शुद्धमती : खरपूस म्हणजे बदामी, फार तर तांबूस. रवा खरपूस भाजतात, बेसन खरपूस भाजतात. डार्क रोस्टचा दाणा त्याच्या कितीतरी पुढे गेलेला असतो. ‘गडद भाजणी’ म्हणा. डार्कला गडद, रोस्टला भाजणी. सरळ आहे.

खापरी : ‘गडद भाजणी’ वाचून माणूस थालीपीठ लावायला घेईल. भाजणी हा शब्द आपण पिठाला देऊन टाकलाय, आता तो परत मिळत नाही. आणि खरपुसाचं म्हणाल तर आमच्या साताऱ्याकडे भाकरीला काळे ठिपके पडल्याशिवाय तिला खरपूस म्हणत नाहीत. बदामी रंगाला आम्ही ‘खमंग’ म्हणतो.

शुद्धमती : खमंग हा वास आणि चव, तो रंग नव्हे.

दाणेवाला : मी घरी लोखंडी कढईत दाणे भाजतो, म्हणून थोडं सविस्तर लिहितो. दाणा साधारण २०० अंशांच्या आसपास पहिल्यांदा तडतडतो. लाह्या फुटल्यासारखा मोठा, मोकळा आवाज येतो. पुढे २२५ च्या सुमाराला दुसरी तडतड होते, ती बारीक आणि भराभर. डार्क रोस्ट म्हणतात ते या दुसऱ्या तडतडीच्या आसपास किंवा थोडं पुढे गेलेल्या दाण्याला. तोवर आंबटपणा बराच गेलेला असतो, कच्च्या दाण्याचं १५ ते २० टक्के वजन उडालेलं असतं आणि तेल पृष्ठभागावर येऊन दाणा चकाकू लागतो. त्यापुढे अगदी थोडा वेळ राहिला तरी मात्र तो खरोखर करपतो. म्हणून मावशींचा आक्षेप मला महत्त्वाचा वाटतो. आपल्याला असा शब्द हवाय जो करपण्याच्या अलीकडे थांबतो. मी स्वतः ‘दुसऱ्या तडीची’ म्हणतो, घरात सगळ्यांना कळतं.

मुग्धा_अनु : ‘दुसऱ्या तडीची कॉफी’ फार आवडलं. पण पाकिटावर ते समजावून सांगायला जागा नाही. आणि ब्रूचं काय?

वैद्यकन्या : ब्रूसाठी नवा शब्द घडवायची गरजच नाही. आयुर्वेदात औषध पाण्यात उतरवण्याच्या पद्धतींना वेगवेगळी नावं आहेत. शार्ङ्गधरसंहितेत क्वाथ म्हणजे १६ पट पाणी घालून, उकळून अष्टमांश उरवायचा तो काढा. फांट म्हणजे भरड कुटलेल्या द्रव्यावर चौपट गरम पाणी ओतायचं आणि मग फडक्यानं गाळायचं. हिम म्हणजे सहापट थंड पाण्यात रात्रभर भिजवून सकाळी गाळायचं. आता फ्रेंच प्रेस बघा, तो शुद्ध फांट आहे. कोल्ड ब्रू म्हणजे हिम. कॉफीवाल्यांच्या पाण्याचं प्रमाण वेगळं असतं, पण क्रिया तीच.

बेळगावचा_पाहुणा : ताई, हे वाचून फार आनंद झाला. म्हणजे दक्षिणेत पितळी फिल्टरमधून उतरते तिला सगळे ‘डिकॉक्शन’ म्हणतात, तेच मुळात चूक! त्या लॅटिन धातूचा अर्थच शिजवणं, आटवणं. फिल्टरमध्ये कुणी काही शिजवत नाही. वरच्या भांड्यात पूड, तिच्यावर छिद्रांची चकती, वरून गरम पाणी, आणि खाली थेंब थेंब गळत राहतं. चिकोरी (कॉफीत मिसळतात ती भाजलेल्या मुळाची पूड) असेल तर आणखी सावकाश, कारण ती पाणी धरून ठेवते.

शुद्धमती : मग ‘झिरपवणे’ म्हणा. ‘झिरप कॉफी’.

खापरी : झिरपतं ते छत. कॉफी ‘उतरते’. आमच्याकडे कॉफी उतरली का, असंच विचारतात.

बेळगावचा_पाहुणा : आमच्याकडेही उतरते. पण ती फिल्टरचीच. कागदाच्या गाळणीत ‘ओततात’, आणि प्रेसमध्ये…

वैद्यकन्या : मुरवतात. चार मिनिटं मुरू द्या, मग दांडा खाली दाबा. लोणचं मुरतं, चहा मुरतो, कॉफीही मुरते. पाकिटावर ‘फांट’ लिहा असं माझं म्हणणं नाही, कुणाला कळणार नाही. पण ‘काढा’ हा शब्द कॉफीच्या जवळपासही आणू नका. करोनात प्यायलेला काढा आठवून लोक पाकीट ठेवून देतील.

दाणेवाला : मुरवण्याचा काळ लिहिताना एक गोष्ट नक्की लिहा. फार भाजलेला दाणा ठिसूळ आणि सच्छिद्र असतो, त्यातला अर्क फार लवकर सुटतो. म्हणून पाणी खळखळतं नको. उकळी आली की गॅस बंद करून जरा थांबायचं. ८८ ते ९० अंश पुरेत, हलक्या भाजलेल्याला ९३ च्या वर लागतं. पूडही थोडी जाडसर ठेवायची, १५ ग्रॅमला सव्वादोनशे मिली पाणी. एवढं सांभाळलं तर कडू न होता कडसर लागते. लोक डार्क रोस्टला नावं ठेवतात ती बहुतेक वेळा उकळत्या पाण्यामुळे.

शुद्धमती : ‘कडसर’! हा शब्द पाकिटावर जायलाच हवा. कडू, कडवट, कडसर, या तिन्हींत फरक आहे आणि तो फरक दाखवणारे शब्द आपण वापरत नाही म्हणून मरतायत. ‘स्ट्राँग’ एवढंच उरलंय.

खापरी : ‘कडक’ उरलाय की. कडक कॉफी.

शुद्धमती : कडक म्हणजे पूड जास्त. भाजण्याशी त्याचा संबंध नाही. हलकी भाजलेली कॉफीही कडक करता येते. ग्राहकाचा नेमका हाच गोंधळ होतो आणि आपण त्यात भर घालतोय.

मेळघाटी : चिकोरीवरून आठवलं. पूड मिश्र असेल तर तिचं प्रमाण पाकिटावर छापावं लागतं, आणि कॉफी ५१ टक्क्यांहून कमी चालत नाही. तुमच्या बहिणीची निव्वळ कॉफी असेल तर तेही ठळक लिहा. आणि अमरावतीकर म्हणून आग्रहानं सांगतो, कॉफी फक्त कर्नाटकातून येते असं समजू नका. आमच्या चिखलदऱ्याला, सुमारे ११०० मीटर उंचीवर, कॉफीचे मळे आहेत. आमचे आजोबा कॉफीच्या बियांना ‘बुंददाणे’ म्हणायचे. ‘कॉफी बीन्स’ला शब्द नाही म्हणून कुणी रडत असेल तर हा घ्या.

मुग्धा_अनु : बुंददाणे! म्हणजे थेंबासारखे दाणे?

मेळघाटी : नाही, थेंबाशी संबंध नाही. अरबीत कॉफीच्या बीला ‘बुन्न’ म्हणतात, त्याचाच बुंद. पेयाला कहवा, बीला बुन्न. गुजरातीतही बुंददाणा आहे.

शुद्धमती : म्हणजे अरबी चालतो आणि माझा ‘गडद’ चालत नाही?

मेळघाटी : चालला होता, एवढंच सांगतोय. घराघरांत रुळलेला शब्द परका राहत नाही.

बेळगावचा_पाहुणा : भाजण्याकडे परत येतो. कन्नडमध्ये कोरडं भाजण्याला ‘हुरि’ धातू आहे. कॉफीचे दाणेही ‘हुरि’तात. मला फार दिवस वाटतंय की आपला ‘हुरडा’ तिथूनच आला असावा. तसं असेल तर भाजण्यासाठी आपल्याकडेही एक जुना धातू पडून आहे. ‘हुरलेली कॉफी’ कशी वाटते?

वैद्यकन्या : हुरडा संस्कृत ‘होलक’वरून आला असं मी ऐकत आलेय. अर्धवट पिकलेलं, विस्तवावर भाजलेलं धान्य म्हणजे होलक.

बेळगावचा_पाहुणा : होलकातला ‘ल’ हुरड्यात ‘र’ झाला आणि वर ‘डा’ लागला, हे मला जड जातं. हुरि सरळ बसतो.

खापरी : सरळ बसतो म्हणून खरा असतो असं नाही हो.

मुग्धा_अनु : मंडळी, छपाईला शुक्रवारी द्यायचंय. सध्या ‘खरपुसाच्या पुढे भाजलेली, कडसर चवीची’ असं लिहून ठेवते. ‘मुरू द्या’ आणि ‘उतरू द्या’ हे दोन्ही घेतलेत, कागदाच्या गाळणीचं अजून अडलंय.

दाणेवाला : ‘खरपुसाच्या पुढे’ चांगलं आहे. त्याखाली ‘दुसऱ्या तडीची’ बारीक अक्षरात टाका, विचारतील त्यांना सांगता येईल.

मेळघाटी : हुरड्याबद्दल दोघांनाही विचारतो. आमच्याकडे ‘ज्वारी हुरड्यात आली’ म्हणतात ती शेतात उभी असताना. दाणा कोवळा, दुधाळ. विस्तव अजून पेटलेलासुद्धा नसतो. मग हा शब्द भाजण्यावरून आला कसा?