आईच्या शस्त्रक्रियेसाठी घेतलेला प्रसाद डावा आला. श्रद्धा नसलेल्या मुलाने काय करावे?

डिचोलीकर:

सर्वांना नमस्कार. माझ्या आईचे वय 68 आहे आणि तिच्या पित्ताशयात खडे आहेत. जूनमध्ये पोटात असह्य कळा येऊन ताप भरला, तो औषधांनी उतरला. पण सूज ओसरल्यावर पित्ताशय काढून टाकावे, असे डॉक्टरांनी स्पष्ट सांगितले आहे. खडा पित्तनलिकेत सरकला तर कावीळ होऊ शकते, स्वादुपिंडाला सूज येऊ शकते आणि मग तीच शस्त्रक्रिया घाईगडबडीत, अधिक जोखमीने करावी लागते, हेही त्यांनी समजावले. आईने सगळे शांतपणे ऐकून घेतले आणि घरी आल्यावर म्हणाली, "आधी देवीचा प्रसाद घेऊया, मग तारीख ठरव."

घर बांधणे असो, सोयरीक असो वा जमिनीची वाटणी, आमच्याकडे गोव्यात प्रसादाशिवाय, म्हणजे मूर्तीला लावलेल्या पाकळ्यांवरून देवीचा कौल घेतल्याशिवाय, काही होत नाही, म्हणून मी विरोध केला नाही. भटजींनी मूर्तीच्या दोन्ही अंगांना ठरलेल्या जागी भिजवलेल्या पाकळ्या लावल्या आणि आईचे नाव घेऊन गाऱ्हाणे घातले. बराच वेळ एकही पाकळी हलली नाही. मग डाव्या खांद्यावरची पाकळी एका टोकाने सुटली, क्षणभर तशीच लोंबकळली आणि खाली आली. उजवी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. आईने हात जोडले, आणि तेव्हापासून शस्त्रक्रियेचा विषय आमच्या घरात बंद आहे.

माझा विश्वास कॉलेजच्या दिवसांतच उडाला. मी देवळात जातो, पालखीला खांदा देतो, पण आजारपणाचा निर्णय पाकळीवर सोपवणे मला पटत नाही. धाकट्या भावाचे म्हणणे असे, की भटजींना आधी भेटून उजवी पाकळी सैल लावायला सांगावी. आई तयार होईल आणि कोणाचे काही बिघडणार नाही. मला हे आईच्या विश्वासाशी केलेले कपट वाटते. पण कपट नको म्हणून तिचा जीव धोक्यात घालायचा का?

अंत्रुजवासी:

आमच्या घराण्याकडे देवळातील पूजेची पाळी पिढ्यान्‌पिढ्या आहे, म्हणून अधिकाराने नव्हे, पण जबाबदारीने लिहितो. भावाचा मार्ग कृपा करून स्वीकारू नका. आई बरी होऊन घरी आल्यानंतर कधीतरी तिला ते कळले, तर ज्या देवीपुढे ती आयुष्यभर उभी राहिली तिच्यावरचा आणि तुम्हा दोघांवरचा तिचा विश्वास एकदमच जाईल.

गाऱ्हाण्यात नेमके काय विचारले गेले, ते भटजींकडून समजून घ्या. "शस्त्रक्रिया करावी का" आणि "आताच करावी का" हे दोन वेगळे प्रश्न आहेत. माझे वडील तर रोग्याने उपचार घ्यावा की नाही, हा प्रश्न देवापुढे ठेवायलाच नकार देत. वैद्याला विचारायचे ते वैद्याला विचारावे, अशी त्यांची धारणा होती. अशा वेळी ते केवळ गाऱ्हाणे घालून रोग्यासाठी बळ मागत आणि पाकळ्या लावत नसत.

श्रद्धाळू माणसाने हातपाय हलवू नयेत, असे गोव्यात कधी कोणी मानलेले नाही. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी तिसवाडी, बार्देश आणि साष्टीतील देवळे पाडली, तेव्हा कुठ्ठाळीच्या मंगेशाला 1560 मध्ये प्रियोळला आणले गेले. केळशीच्या शांतादुर्गेला कवळ्याला, वेर्ण्याच्या म्हाळसेला मार्दोळला आणि मडगावच्या दामोदराला जांबावलीला नेले गेले. आपल्या घरादारावर संकट असताना त्या लोकांनी मूर्ती पोर्तुगीजांच्या हद्दीबाहेर पोहोचवल्या. देव स्वतःचे बघून घेईल, असे म्हणून ते बसून राहिले असते, तर आज यांतले एकही देऊळ नसते. त्यांची श्रद्धा उणी होती, असे कोण म्हणेल?

परिचारिका_फोंडा:

वरील उत्तरातील कळकळीबद्दल आदर ठेवूनही त्यातील एक गोष्ट मला मान्य नाही. नको ते उत्तर आले की प्रश्न बदलायचा आणि हवे ते आले की देवाची इच्छा म्हणायचे, असे केल्यास प्रसादाला काही अर्थच उरत नाही. ओली पाकळी पाण्याच्या पातळ थरामुळे दगडाला चिकटते आणि पाणी सुकू लागले की तिची पकड सुटते. कोणती पाकळी आधी पडेल हे तिच्या वजनावर, ओलीवर, दगडाच्या गुळगुळीतपणावर, समईच्या धगीवर आणि वाऱ्यावर अवलंबून असते. हे डाव्या पाकळीइतकेच उजव्या पाकळीलाही लागू आहे, म्हणून उजवा प्रसाद घेऊन निर्धास्तपणे येणाऱ्या रुग्णांनाही मी सगळ्या तपासण्या करायलाच लावते.

तथापि हे आईला ऐकवून काही साधणार नाही. आमच्याकडे शस्त्रक्रियेला येणाऱ्या कित्येकांच्या कपाळावर अंगारा असतो, कोणाच्या गळ्यात सायबिणीचे (मदर मेरीचे) पदक असते. पदक आम्ही काढून नातेवाइकांच्या हाती देतो, अंगारा हळुवार पुसतो आणि कामाला लागतो. श्रद्धेमुळे शस्त्रक्रिया बिघडल्याचे मी पाहिलेले नाही. उशिरामुळे बिघडल्याचे पाहिले आहे.

आईला नेमकी कशाची धास्ती वाटते, हे तिला एकटीला गाठून विचारा. पुष्कळदा भुलेची भीती असते आणि ती सांगायला संकोच वाटतो. तसे असेल तर भूलतज्ज्ञांशी तिची भेट घडवून आणा. दुर्बिणीतून होणाऱ्या या शस्त्रक्रियेनंतर बहुतेक रुग्ण एक-दोन दिवसांत घरी जातात, हे त्यांच्या तोंडून ऐकण्याचा परिणाम वेगळा होतो. एवढे करूनही ती नको म्हणाली, तर तो तिचा अधिकार आहे, कारण शरीर तिचे आहे. मात्र डोळे पिवळे दिसले, थंडी वाजून ताप आला, उलट्या थांबेनात किंवा पोटातील कळ कमी होईना, तर त्याच क्षणी तिला रुग्णालयात न्या आणि त्या वेळी कोणाचाही कौल घेत बसू नका.

शिरगावचा धोंड:

मी लईराई देवीचा धोंड, म्हणजे तिचे व्रत घेतलेला भक्त, आहे. व्रत पाळतो, तळीत स्नान करतो, निखाऱ्यांवरून चालतो. 3 मे 2025 रोजी पहाटे आमच्या जत्रेत चेंगराचेंगरी होऊन भाविकांचे जीव गेले, तेव्हा ती देवीची इच्छा होती असे म्हणून गप्प बसणे मला जमले नाही. गर्दी किती होईल, माणसे कुठून येतील आणि कुठून बाहेर पडतील, याचा विचार माणसांनीच करायचा असतो. असे मानल्याने माझे व्रत सुटलेले नाही. तुमची आई श्रद्धाळू आहे म्हणून तिला हा फरक समजणार नाही, असे गृहीत धरू नका. आणि तुमचा विश्वास नाही, हे तिला सरळ सांगा. तिला ते ठाऊक असण्याचीच शक्यता अधिक आहे.

डिचोलीकर:

सर्वांचे मनापासून आभार. भावाला मी ठाम नकार दिला आहे. आईशी बोललो. माझा विश्वास नाही हे तिला ठाऊक होते, आणि तिला भुलेची भीतीही नाही. गणपतीची चवथ तोंडावर आलेली असताना आपण अंथरुणाला खिळलो तर मूर्तीवरची फळापानांची माटोळी कोण बांधणार आणि नैवेद्याचे कोण बघणार, ही तिची चिंता आहे. भटजींना विचारले तेव्हा कळले, की गाऱ्हाण्यात "आताच करावी का" असेच विचारले गेले होते आणि तसे विचारायला आईनेच सांगितले होते.

डॉक्टरांना हे सगळे सांगून पुन्हा तपासणी करून घेतली. सध्या त्रास नसल्याने चवथीनंतरच्या आठवड्यातील तारीख त्यांनी दिली आहे आणि पथ्य कडक पाळायला सांगितले आहे. धोक्याची लक्षणे कागदावर लिहून फ्रीजवर लावली आहेत. आईला मात्र त्या तारखेसाठी पुन्हा प्रसाद घ्यायचा आहे. मी सोबत येईन, पण पाकळी डावी पडली तरी तारीख बदलू नये असेच माझे म्हणणे राहील, हे मी तिला आधीच सांगून ठेवले आहे. त्यावर ती अजून काही बोललेली नाही. अंत्रुजवासी यांना विनंती, की पाकळ्या न लावता केवळ गाऱ्हाणे घालायला त्यांचे वडील लोकांना कसे राजी करत, ते जरा सविस्तर लिहावे. माझ्यापेक्षा त्यांच्या शब्दांना आईपाशी अधिक वजन असेल.