स्किन्स आपला, बाकी नन्नाचा पाढा: पायरेट्स आणि फ्री एजन्सीचं रडगाणं

संगमवाडी_ते_पिट्सबर्ग:
मंडळी, २०२६ च्या सीझनआधीचा हिवाळा चाललाय, आज जरा मोकळं व्हायचंय, क्रिकेटवाल्यांनी वैतागू नका. मला पिट्सबर्गात सतरा वर्षं झाली, पहिल्याच उन्हाळ्यात ऑफिसातल्या एकाने पिवळ्या क्लेमेंटे पुलावरून चालवत पीएनसी पार्कात नेलं आणि तेव्हापासून पायरेट्स या बेसबॉल टीमचं हे दुखणं अंगाला लागलंय ते लागलंय. बायको म्हणते दुसरी टीम बघ. असं होतं का?

तर मुद्दा. १८ मे २०२५, रविवार, मॅच फिलाडेल्फियात, तिथल्या फिलीज टीमशी. मी पोह्यांची बशी घेऊन टीव्हीसमोर. पॉल स्किन्स आमचा पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा. पठ्ठ्याने अख्ख्या आठ इनिंग्ज एकट्याने टाकल्या, तीन हिट, नऊ स्ट्राइकआउट (तीन स्ट्राइकांत बॅटर बाद), रन दिली फक्त एक. आणि हरलो १-०! समोरून टाकत होता मिक एबल, ज्याची ती आयुष्यातली पहिली एमएलबी (अमेरिकेतली मुख्य बेसबॉल लीग) मॅच होती, आणि आमच्या बॅटर्सनी त्यालाच नऊ स्ट्राइकआउट बहाल केले, म्हणजे पाहुण्याच्या हातावर साखर ठेवावी तसे. पोहे गार झाले, मी तसाच बसून.

सीझनचा हिशेब बघा. स्किन्सचा ईआरए १.९७, म्हणजे नऊ इनिंग्जमागे दोन रनसुद्धा नाहीत, साय यंग, म्हणजे सर्वोत्तम पिचरचा पुरस्कार, एकमताने मिळाला, आणि त्याचा जय-पराजयाचा आकडा काय तर १०-१०. कारण आमची टीम ५८३ रन आणि ११७ होमरन, दोन्हीत तीस टीमांत शेवटून पहिली. ७१ जिंकल्या ९१ हरल्या. अशा वेळी हिवाळ्यात काय करायचं असतं हे शेंबडं पोर सांगेल, बाजारात जायचं आणि एक दणकट बॅटर आणायचा. आमच्या फ्रंट ऑफिसने, म्हणजे टीम चालवणाऱ्या मॅनेजमेंटने, काय केलं? बातम्या आल्या की काइल श्वार्बरला (५६ होमरनवाला) चार वर्षांचे १२५ मिलियन डॉलर देऊ केले. तो फिलीजकडेच राहिला, पाच वर्षं १५० मिलियन. मग घेतला रायन ओहर्न, दोन वर्षं २९ मिलियन, आणि ट्रेडमध्ये, म्हणजे खेळाडूंच्या अदलाबदलीत, ब्रँडन लाव. चांगले आहेत हो दोघं, नाही म्हणत नाही. पण बॉब नटिंग २००७ पासून मुख्य मालक आहेत आणि या क्लबच्या इतिहासातला फ्री एजंटचा (जुना करार संपून कुठेही जायला मोकळा झालेला खेळाडू) सगळ्यात मोठा करार आजही फ्रान्सिस्को लिरियानोचा, २०१४ च्या डिसेंबरातला, ३९ मिलियनचा! आणि तिकडे हुआन सोतोला न्यूयॉर्कच्या मेट्सनी ७६५ मिलियन दिले. श्वार्बरची ऑफर म्हणजे बोलाचाच भात अन् बोलाचीच कढी. तो फिलाडेल्फिया सोडणार नाही हे माहीत असताना मोठा आकडा बोलायला काय जातंय?

हिशेबी_नाना:
भावना पोचल्या. पण संगमवाडीकर, तुम्ही बाजारात जाऊन भाजी आणल्यासारखं बोलताय. एमएलबीत सॅलरी कॅप, म्हणजे टीमच्या पगारबिलावर पक्की मर्यादा, नाही. आयपीएलच्या मेगा लिलावात कशी सगळ्यांना १२० कोटींची सारखी पर्स, इथे तसं काही नाही. लॉस एंजेलिसच्या डॉजर्सनी २०२५ चा नुसता लक्झरी टॅक्स, म्हणजे पगारावर फार खर्च केल्याचा दंड, जवळजवळ १७० मिलियन भरला, तुमच्या टीमच्या अख्ख्या पगारबिलाच्या जवळपास दुप्पट. अशा माणसाशी बोली लावायला तुम्ही कुठल्या खिशातून जाणार? अंथरूण पाहून पाय पसरावे लागतात.

दुसरं असं की फ्री एजंट म्हणजे काय हे लोक विसरतात. सहा वर्षांची सर्व्हिस झाल्याशिवाय तो दर्जा मिळत नाही, म्हणजे बहुतेक जण बाजारात येतात तेव्हा तिशीच्या आसपास असतात. तुम्ही पैसे देता त्याने आधी केलेल्या खेळाचे आणि वाट्याला येतात त्याचे गुडघे. एंजल्सनी अँथनी रेंडनला सात वर्षांचे २४५ दिले, काय मिळालं? आणि तुमच्याच क्लबचा डेरेक बेल आठवतोय का? दोन वर्षांचे पावणेदहा मिलियन, २००१ मध्ये बॅटिंग ॲव्हरेज .१७३ (म्हणजे शंभरात सतरा हिट) आणि पाच होमरन, पुढच्या वर्षी जागेसाठी स्पर्धा करायला सांगितली तर म्हणे मी 'ऑपरेशन शटडाउन' करेन, म्हणजे खेळणंच बंद. बाकीचे पैसे मोजून घरी पाठवावा लागला. श्वार्बर ३२ ला आलेला डीएच, म्हणजे फक्त बॅटिंग करणारा आहे, फील्डिंगला उभा करायची सोय नाही. नाही मिळाला ते बरंच झालं म्हणतो मी.

संगमवाडी_ते_पिट्सबर्ग:
नाना, बेलचं उदाहरण येणार हे ठाऊक होतं, पंचवीस वर्षं तोच एक बागुलबुवा दाखवताय. तेव्हा तर मालकही दुसरे होते. मी सांगतो रसेल मार्टिनचं. २०१२ च्या नोव्हेंबरात फ्री एजंट म्हणून घेतला, दोन वर्षं १७ मिलियन, तेव्हाही सगळे म्हणाले कॅचरला एवढे कशाला. त्याआधी सलग वीस सीझन आम्ही पराभवाचे काढले होते, १९९३ ते २०१२, पोरं जन्मून कॉलेजात गेली तेवढ्यात. २०१३ ची वाइल्ड कार्ड मॅच, म्हणजे प्लेऑफची एकच बाद फेरीची मॅच, अख्खं ग्राउंड काळ्या कपड्यात, सगळे मिळून समोरच्या रेड्स टीमच्या पिचरच्या नावाने 'क्वेटो, क्वेटो' करत सूर लावतायत, त्याच्या हातून चेंडू खाली पडला आणि पुढच्याच पिचला मार्टिनने होमरन ठोकला. मी तेव्हा बाजूच्या अनोळखी म्हाताऱ्याला मिठी मारली होती, तो रडत होता. १७ मिलियनमध्ये हे येतं हो.

आणि खिशाचं म्हणताय तर तेही ऐका. प्रत्येक टीमच्या लोकल कमाईतले ४८ टक्के एका हंडीत जातात आणि तिसांत सारखे वाटले जातात. म्हणजे डॉजर्सच्या घरचं दूध आमच्याही कपात येतं. ते टीमवर खर्च करायचं असतं. २०१८ मध्ये प्लेयर्स युनियनने चार क्लबांविरुद्ध याच गोष्टीची तक्रार गुदरली, त्यात पायरेट्स होतेच. त्याच जानेवारीत, एकाच आठवड्यात, आमचे स्टार गेरिट कोल ॲस्ट्रोज टीमला आणि मॅककचन जायंट्सला रवाना. ग्राउंड बांधलं बरंचसं जनतेच्या पैशांतून, आणि फायदा झाला की तो मात्र खाजगी.

मिलवॉकीकर:
मी ब्रुअर्सवाला, त्यामुळे दोघांनाही टोचणार आहे. आमचं मार्केट तुमच्याहून लहान, तरी २०२५ ला ९७ मॅचेस जिंकलो, लीगमध्ये सगळ्यात जास्त. कुठला मोठा फ्री एजंट घेऊन? कुठलाच नाही. तुमचा प्रॉब्लेम खिशाचा नाही, डोक्याचा आहे. ३१ जुलै २०१८, आठवतंय ना, ख्रिस आर्चर या पिचरसाठी तुम्ही टायलर ग्लासनाउ, ऑस्टिन मेडोज आणि वरून शेन बाझ देऊन टाकले. तीन! एकासाठी! त्यात नटिंगचा एक डॉलर वाचला नव्हता, उलट आर्चरचा पगार अंगावर घेतला होता. तो निर्णय फ्रंट ऑफिसचा. पैसे वाढवून दिले तरी असली माणसं तेच करणार, फक्त जास्त महागात.

चाळीतला_पिचर:
फ्री एजंट घेत नाहीत म्हणे! २००८ ला पायरेट्सनी रिंकू सिंग (क्रिकेटवाला नव्हे) आणि दिनेश पटेल असे दोन भारतीय फ्री एजंट साइन केले होते, उत्तर प्रदेशचे भालाफेकवाले, आयुष्यात बेसबॉल न पाहिलेले. याहून धाडसी खरेदी यँकीजनेही केली नसेल 😄

बॉस्टनची_मावशी:
श्रीमंत टीमच्या लोकांनाही रडू येतं हं. आमच्या रेड सॉक्सनी मूकी बेट्सला २०२० मध्ये डॉजर्सकडे धाडला, २०१८ चा एमव्हीपी, म्हणजे सर्वोत्तम खेळाडू, फ्री एजंट व्हायला एक वर्ष राहिलं म्हणून. पैसे नव्हते का? फेनवे पार्कात बिअरचा भाव बघून या. माझ्या पोराने ५० नंबरचा टीशर्ट कपाटात उलटा घडी करून ठेवला, अजून तसाच आहे. त्यामुळे लहान मार्केट वगैरे मला सांगू नका, ज्याला द्यायचे नसतात त्याला कारण सापडतं.

संगमवाडी_ते_पिट्सबर्ग:
मावशी, एक नंबर.
मिलवॉकीकर, आर्चरबद्दल गप्प बसतो, ती जखम आहे. पण तुम्ही तुमचा पिचर कॉर्बिन बर्न्सलाही २०२४ मध्ये ओरिओल्सना दिलात ना, फ्री एजंट व्हायच्या वर्षभर आधी? तुमचं यंत्र चालतंय म्हणून खपून जातं. आमचं यंत्र पिचर बनवतं, बॅटर बनवत नाही, हे दहा वर्षं दिसतंय, मग जे घरी पिकत नाही ते विकत आणायचं की उपाशी राहायचं?

आणि जिंकत असतानाही हे असंच वागले. २०१५ ला ९८ विजय! वाइल्ड कार्डात शिकागोचा पिचर ॲरिएटा याने मारलं, ठीक आहे, तो त्या वर्षी कोणालाच आवरत नव्हता. पण त्यानंतरच्या हिवाळ्यात पिचर जे. ए. हॅप, जो आमच्याकडे शेवटचे दोन महिने सोन्यासारखा टाकत होता, त्याला टोरांटोने तीन वर्षांचे ३६ मिलियन दिले आणि आम्ही बघत बसलो. पुढच्या वर्षी हॅपचे २० जय, ४ पराभव. आम्ही त्याच्या जागी कोण आणले? ३८ वर्षांचा व्होगेलसाँग, आणि नील वॉकर हा आपला गाववाला पोरगा देऊन जॉन नीस. खिडकी उघडी होती, यांनी वारा लागतो म्हणून लावून घेतली.

हिशेबी_नाना:
हॅपचं मान्य. ती चूकच, त्याचं समर्थन मी तेव्हाही केलं नव्हतं.

पण श्वार्बरच्या ऑफरला नाटक म्हणणं पटत नाही. ओहर्नला दोन वर्षांचा करार देणं हीच या लोकांच्या दृष्टीने मोठी उडी आहे, २०१६ च्या हिवाळ्यानंतर एकाही फ्री एजंटला यांनी एकाहून जास्त वर्षं दिली नव्हती. टीममधल्याच ब्रायन रेनॉल्ड्सला १०६.७५ मिलियन, मिच केलरला ७७, हेही याच ऑफिसने दिले. आणि खरा तिढा १ डिसेंबर २०२६ ला आहे, लीग आणि युनियनचा करार संपतोय, कॅपवरून भांडण पेटणार हे उघड आहे, अशा वेळी कोणता शहाणा मालक २०३० पर्यंतचे चेक फाडेल?

संगमवाडी_ते_पिट्सबर्ग:
जो २०२९ पर्यंत स्किन्स हाताशी आहे हे जाणतो, तो. त्यानंतर स्किन्स स्वतःच फ्री एजंट, आणि तेव्हा आपण बोली लावणार का याचं उत्तर तुम्हालाही माहितीये. १९९२ ला आमचा स्टार बॅटर बॅरी बॉन्ड्स गेला तसाच जाणार. चार सीझन उरलेत. मी तर चक्क फ्रिजवर लिहून ठेवलेत.

हिशेबी_नाना:
अहो कॉनर ग्रिफिन येतोय की, १९ वर्षांचा शॉर्टस्टॉप, नवोदितांच्या सगळ्या याद्यांत वरच्या नंबरावर. घरी पिकलेला बॅटर हवा होता ना?

संगमवाडी_ते_पिट्सबर्ग:
येऊ दे. आला की फ्रिजवर त्याचीही सहा वर्षं लिहितो.

मिलवॉकीकर:
लिहून झालं की पाठवा इकडे. एक जुना आर्चर आहे आमच्या ओळखीचा 🙏