डोंगरातला पूर आणि आपली औषधपेटी : अनुभव लिहा

भाची डॉक्टरकीची इंटर्नशिप करतेय. ५ ऑगस्ट २०२५ ला उत्तरकाशीतलं धराली गाव खीरगंगेच्या लोंढ्याखाली गेलं, त्या रात्री तिचा फोन. "मावशी, आम्ही चौघी निघतोय. काय काय न्यायचं?" २०१३ मध्ये केदारनाथच्या पुरानंतर मंदाकिनी खोऱ्यात गेलेल्या एका वैद्यकीय पथकात मी होते. डॉक्टर नव्हे, हिशेब आणि जेवणखाण बघायला. तरी मला धड उत्तर देता येईना. "आत्ता थांब" एवढंच म्हटलं आणि बाईसाहेब रुसल्या. म्हणून पथकातल्यांनी आणि असं काम केलेल्या इतरांनीही लिहा. काय नेलंत, काय कामाला आलं, कुठे फसलात. हेलिकॉप्टरचे फोटो नकोत, ते सगळ्यांकडे आहेत.

फॅमिली डॉक्टर, सातारा

पूर १६-१७ जूनचा. आम्ही गुप्तकाशीला पोचलो जुलैच्या तिसऱ्या आठवड्यात. केदारनाथच्या वाटेवरचं रामबाडा तोवर फक्त नकाशावर उरलं होतं, आणि कॅमेरेवाले परत गेले होते. मी हौसेने टाके घालायचं सामान, प्लास्टर, सलाइन असं सगळं नेलेलं. पण जखमींना केव्हाच खाली हलवलं होतं. रांगेत उभे होते ते रक्तदाबवाले, साखरवाले, दमेकरी. महिनाभर गोळी नाही. रस्ता तुटला की केमिस्टचं दुकान आठवड्यात रिकामं होतं, हे मला तिथे जाईपर्यंत सुचलं नव्हतं.

त्यांची कागदपत्रं घराबरोबर गेलेली. गोळीचं नाव विचारलं की उत्तर यायचं, "छोटी वाली, गुलाबी." दुसऱ्या दिवशी मी स्टीलच्या ताटात आमच्याकडच्या सगळ्या गोळ्या एकेक मांडल्या आणि ताटच पुढे केलं. म्हातारी माणसं वाकून निरखून बघायची, बोट ठेवायची. एक आजोबा दर वेळी वेगळ्या गोळीवर बोट ठेवत. त्यांना मग मी माझ्या मनाची दिली. अर्थात रंगावर कोणीही विसंबू नये, कंपनी बदलली की रंगही बदलतो. ताटामुळे संभाषण सुरू व्हायचं, पुढचं काम रक्तदाबाच्या यंत्राचं आणि ग्लुकोमीटरचं.

आणि पाय! दरडीवरून, चिखलातून, ओल्या बुटांत दिवसच्या दिवस चालून लोकांच्या बोटांच्या बेचक्या पांढऱ्या पडून फाटलेल्या. आपल्याकडे भातलावणीत होतात त्या चिखल्याच. मी नेलेल्या भारी अँटिबायोटिकांपेक्षा बुरशीचं साधं मलम आणि कोरडे सुती मोजे आधी संपले. मोजे तर मी नेलेच नव्हते, पथकातल्या पोरांचे काढून दिले.

औषधनिर्माता, पुणे

मी वर गेलोच नाही. ऋषिकेशच्या एका गोदामात पाच दिवस खोकी फोडत बसलो होतो. पाचातले तीन दिवस फेकण्यात गेले. मुदत संपलेलं, अर्धं वापरलेलं आयड्रॉप, वाटेत फुटून सगळ्यावर सांडलेलं कफ सिरप. पाच-सहा गोळ्यांचे कापलेले तुकडे तर पोतंभर. कापताना नाव एकीकडे गेलेलं, तारीख दुसरीकडे. शक्तिवर्धक टॉनिकं इतकी की अख्ख्या गढवालाला महिनाभर पुरावीत. इन्सुलिन एकही नाही. खरजेचं औषध नाही, आणि एका खोलीत वीस-वीस माणसं झोपत होती तेव्हा खरूज येणारच.

देणाऱ्यांच्या भावनेबद्दल काही म्हणायचं नाही. पण घरातलं कपाट आवरणं म्हणजे मदत नव्हे. पैसे द्या, यादीवरून विकत घेता येतं.

एक शहाणपण तिथल्याच हमालाने शिकवलं. मी औषधाप्रमाणे खोकी भरत होतो, सगळं ओआरएस एकात, सगळं पॅरासिटामॉल दुसऱ्यात. तो म्हणाला, "साहब, एक डिब्बा नदी में गिरा तो?" मग प्रत्येक खोक्यात सगळं थोडंथोडं घातलं, एका माणसाच्या पाठीला झेपेल एवढंच वजन ठेवलं आणि आतली यादी वरच्या झाकणावर हिंदीत मोठ्या अक्षरात लिहिली.

परिचारिका, नाशिक

डॉक्टरांच्याच पथकात होते मी. त्यांनी ताटाचं लिहिलं, रजिस्टरचं नाही लिहिलं. त्यांना बहुतेक माहीतच नसेल.

त्या पट्ट्यातल्या गावांतले पुरुष यात्रेच्या हंगामात वर केदारनाथलाच असतात. कोणी पूजेला, कोणी खेचर घेऊन, कोणी हॉटेलात. शाळेला सुट्टी असली की मोठी पोरंही जातात, चार पैसे मिळतात म्हणून. त्यामुळे आमच्या शिबिराला आल्या त्या बायकाच. कंबरदुखी, डोकेदुखी, चक्कर, रात्री झोप नाही. मी टेबलाशी बसून नोंद करायची. छापील रजिस्टर होतं, रकाने ठरलेले. नाव, वय, पतीचं किंवा वडिलांचं नाव, गाव.

पहिल्या बाईला सवयीने विचारलं, "पति का नाम?" ती माझ्याकडे बघत राहिली. मला वाटलं, आपल्याकडे नाव घेत नाहीत तसंच इथेही असेल, म्हणून मी हसून म्हटलं, "बोलो बोलो, शरमाओ मत." मागच्या बाईने माझ्या हातावर हात ठेवला. "भुली, मत पूछ." भुली म्हणजे गढवालीत धाकटी बहीण.

तेव्हाही माझं डोकं चालायला वेळ लागला. दुसऱ्या दिवशी सकाळी बसून सगळ्या पानांवर तो रकाना पट्टीने रेघ मारून बंद केला आणि तिथे "सासर/माहेर" लिहिलं. कारण काही जणी माहेरी परत निघाल्या होत्या आणि पुढच्या वेळी कुठे शोधायचं हा खरा प्रश्न होता. डोकेदुखीच्या गोळ्या दिल्या मी. त्यांनी काय होणार होतं? पण बाई पदर सावरून पंधरा मिनिटं स्टुलावर बसायची, तेवढी बसू द्यायची. रांग खोळंबली तरी मागून कोणी ओरडलं नाही.

ट्रेकर, ठाणे

मी उलटं लिहितो. आम्ही आठ जण जून संपायच्या आतच रुद्रप्रयागच्या पुढे घुसलो होतो. कोणाला विचारलं नव्हतं, कोणी बोलावलं नव्हतं. प्रथमोपचाराचा कोर्स केलेले दोघे, बाकीचे 'उत्साही'. पुढे रस्ता तुटला, मागे दरड आली, आणि चार दिवस आम्ही एका घरात पाहुणे. त्या घरात पीठ किती उरलंय ते सासू रोज डबा हलवून बघायची, आणि आम्हाला मंडुव्याच्या रोट्या वाढायची. मंडुवा म्हणजे आपली नाचणी. आमच्यातल्या एकाला जुलाब लागले, त्याला गावच्या आरोग्य केंद्रातलं सलाइन लागलं. ते दुसऱ्या कोणाचं तरी असणार.

परत येताना त्या काकांनी आमच्याकडून एक पैसा घेतला नाही. भाचीला सांगा, मावशी बरोबर म्हणाली.

कान-नाक-घसा तज्ज्ञ, नागपूर

माझा अनुभव केदारनाथचा नाही, लेहचा आहे, ऑगस्ट २०१०. पर्यटक म्हणून गेलो होतो. ५ तारखेच्या रात्री ढगफुटी झाली, दोनशेच्या वर माणसं गेली. सकाळी इस्पितळात जाऊन म्हटलं, मी डॉक्टर आहे, काम सांगा. तिथे वॉर्डांतच चिखल भरला होता, रुग्णांना सैन्याच्या इस्पितळात नेत होते. माझ्या हातात फावडं आलं. लेह साधारण ३५०० मीटरवर. दोन घमेली उचलली की मी भिंतीला टेकायचो, शेजारी एक लडाखी आजीबाई न थांबता उपसत होत्या. दुपारी त्यांनीच मला बसवून चहा दिला. कान तपासायची वेळ तिसऱ्या दिवशी आली, कारण कित्येकांच्या कानात चिखल गेला होता.

परिचारिका, नाशिक

ट्रेकरदादा, तुमचं खरं आहे, पण सगळ्यांनीच घरी बसावं असंही नाही. सप्टेंबरात आम्ही दोघी परत गेलो, तिथल्या आशाताईंनी बोलावलं म्हणून. ११ सप्टेंबरला मंदिरात पूजा पुन्हा सुरू झाली तेव्हा आम्ही खाली गावात लहान मुलांची वजनं करत होतो. त्या वेळी आमच्याशिवाय बाहेरचं कोणीही नव्हतं, आणि कामाचा ढीग तसाच होता.

धागा काढणारी मावशी

सगळं भाचीला फोनवर वाचून दाखवलं. ताट, रजिस्टर, पोतंभर तुकडे. गप्प ऐकलं तिने, रुसवा गेलेला दिसतोय. मग हळूच म्हणाली, "मावशी, चिखल्या म्हणजे नक्की काय गं?"

दोन महिन्यांत डॉक्टर होणार ही. कोकणातलं कोणी असेल तर कृपया लावणीच्या दिवसांतल्या पायांचा एक फोटो पाठवा.