जुन्या ढंगाच्या ट्रॅव्हल पोस्टरवर दंतकथेतला प्राणी किती दाखवायचा?

शाईचे_डाग: नेसी (स्कॉटलंडच्या लॉख नेस तळ्यातला दंतकथेतला प्राणी), मॉथमॅन (अमेरिकेतला पंखवाला, लाल डोळ्यांचा), यती यांच्यावर जुन्या ट्रॅव्हल पोस्टरसारखी डिझाइन्स करणारे हल्ली खूप दिसतात, पण बहुतेकांत मधोमध भलामोठा प्राणी, मागे कुठलेही दोन डोंगर आणि वरून सुरकुत्यांचं टेक्स्चर. मला हे अजिबात पटत नाही. ट्रॅव्हल पोस्टर जागेचं असतं. अमेरिकेत १९३८ ते १९४१ मध्ये नॅशनल पार्कांची पोस्टर्स सरकारी योजनेतून निघाली, ती सिल्कस्क्रीनवर (ताणलेल्या जाळीतून शाई दाबून) छापायचे, दर रंगाला वेगळी स्क्रीन, म्हणून रंग मोजके आणि सपाट. तो लुक छपाईतून आलाय, कागद जुना झाल्यामुळे नाही. नेसी करायची तर लॉख नेसचं ते पीटमुळे (कुजक्या वनस्पतींच्या मातीमुळे) काळपट दिसणारं पाणी काढा, काठावरचा पडका अर्कर्ट किल्ला काढा आणि एकच लाट जरा जास्त उचललेली ठेवा.

रानवाट: मग ते नुसतं तळ्याचं पोस्टर झालं ना! लांबून बघणाऱ्याला लाट कळणारच नाही. आणि लोक त्या गावांना जातात ते प्राण्यासाठीच, अमेरिकेतल्या वेस्ट व्हर्जिनियातल्या पॉइंट प्लेझंट गावाने २००३ मध्ये मॉथमॅनचा पुतळाच उभा केलाय, गावाला त्याचं वावडं नाही तर डिझायनरने का लपवायचं?

शाईचे_डाग: पुतळा ठीक. पण मॉथमॅन दिसल्याच्या बातम्या नोव्हेंबर १९६६ मधल्या, पुढच्याच वर्षी डिसेंबरात तिथला सिल्व्हर ब्रिज कोसळून ४६ माणसं गेली आणि लोकांनी दोन्हीचा संबंध जोडला. आता कोणी मोडका पूल, वर लाल डोळे आणि खाली ‘अवश्य भेट द्या’ असं काढतो तेव्हा मला चीड येते, त्यात खरी माणसं मेलीयेत.

पानगळ_७: तुम्ही दोघं आकारावरच अडकलात, कथा कोणाची आहे ते आधी बघा की. वेंडिगो या माणूस खाणाऱ्या राक्षसाची कथा उत्तर अमेरिकेतल्या अल्गॉन्क्वियन भाषा बोलणाऱ्या मूळ रहिवासी समाजांची, कडाक्याचा हिवाळा, उपासमार आणि माणसानं माणूस खाण्याची भीती यातून येते. पोस्टरवर दिसणारी हरणाची शिंगं तर अलीकडे चिकटवलेली. हा विषय सहलीच्या जाहिरातीत घेऊच नये असं माझं स्पष्ट मत आहे.

रानवाट: वेंडिगोचं शंभर टक्के मान्य, पुलाचंही. पण नेसीचं तसं काही नाही. १९३४ चा तो गाजलेला फोटो म्हणजे खेळण्यातल्या पाणबुडीवर बसवलेलं डोकं होतं हे १९९४ मध्ये उघड झालं, तरी ती लांब मान आजही कोणीही ओळखतं. रस्त्यापलीकडून ओळखू येणं हे पोस्टरचं पहिलं काम आहे, मग हातात आयती असलेली सिल्हूट (नुसती बाह्याकृती) का सोडायची?

शाईचे_डाग: बरं, मान घ्या. पण डोंगराच्याच निळ्यात घ्या, म्हणजे आधी जागा दिसेल आणि मग मान सापडेल.

रानवाट: निळ्यात निळं गेलं की छोट्या प्रिंटवर काहीच उरत नाही हो. मी मान काळ्यातच घेणार, एक स्क्रीन वाढली तरी चालेल.